बटाटा पळत नाही

“लागल्यावर उघडायचं, एवढंच काम. तेही जमत नाही लेकाच्यांना,” ऑर्लिन पुटपुटला आणि बाणाचं टोक त्याने टेबलावरच्या बटाट्यात खुपसलं. मिटलेली दोन्ही पाती पंखांसारखी फाकली.

“बटाट्यात तर उघडतंय,” सिंकपाशी सफरचंदं सोलणारी त्याची बायको लाव्हॉन मागे वळून न बघता म्हणाली.

“बटाटा पळत नाही.”

उद्या धनुष्यबाणाने हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडणार होता. उत्तर विस्कॉन्सिनात या दिवसांत पाद्रीसुद्धा प्रवचन आटोपतं घेतो. टेबलावर दोन डब्या होत्या: एकीत ऑर्लिनची उघडणारी पाती, दुसरीत त्याचा धाकटा भाऊ गेरहार्ट सकाळी घेऊन आला होता ती पक्की. कॉफीचा तिसरा कप हातात घेऊन गेरहार्ट त्यांचे गोडवे गात होता. पक्कं पातं आधीच उघडं असतं, उघडण्यात जोर खर्ची पडत नाही, अरुंद का होईना, खोल जातं. ऑर्लिनचं म्हणणं, उघडणारं सरळ उडतं, जखम रुंद करतं, रक्ताचा माग सोडतं. दोघांचंही खरं होतं. आणि दोघंही एकाच हरिणीला वळसा घालून बोलत होते.

गेल्या शरदात तिला ऑर्लिनचा बाण लागला, पण आत शिरला नाही. तिघांनी अंधार पडेपर्यंत दलदल तुडवली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तुडवली. सापडला तो मोडका बाण. त्या हिवाळ्यात गेरहार्टने आणून दिलेल्या हरणाच्या मांसाला ऑर्लिनने हात लावला नाही. सगळा दोष पात्यांच्या माथी गेला, आणि तो तिथेच राहिलेला सगळ्यांना सोयीचा होता.

“तू स्वतः उघडणारी लावतोस,” ऑर्लिन म्हणाला. “मग मीच का पक्की लावायची? मला काय धाड भरलीय?”

गेरहार्ट कपात बघू लागला. लाव्हॉनचा सुरा थांबला.

त्या हरिणीच्या आधी, खांद्याच्या ऑपरेशननंतर, ऑर्लिन रोज गॅरेजमध्ये जायचा. दोरी ओढायला बघायचा, ती अर्ध्यावरच अडायची, मग धनुष्य खुंटीला टांगायचा आणि शीळ घालत घरात यायचा. ती शीळ ऐकली की लाव्हॉन नळ मोठा सोडायची. शेवटी तो गावात गेलेला बघून तिने गेरहार्टला बोलावलं. त्याने षट्कोनी चावीने धनुष्याच्या दांड्याच्या दोन्ही टोकांचे बोल्ट थोडे थोडे सैल केले, तशी ओढ हलकी झाली. त्या संध्याकाळी ऑर्लिनने दोरी गालापर्यंत ओढली आणि जेवताना ॲपल पाय दोनदा मागून घेतला. हलक्या धनुष्याच्या बाणाला पातीही उघडायची आणि आतही शिरायचं, एवढं बळ उरत नाही, हे तेव्हा कोण बोलणार?

आता लाव्हॉनने हात पुसले.

“पात्यांचा दोष नाही, ऑर्लिन. धनुष्य मी सैल करायला लावलं. गेरहार्टने नको म्हटलं होतं.”

ऑर्लिनने पातं बटाट्यातून काढलं, सदऱ्याला पुसलं, बोटांनी हळूच मिटवलं.

“पहिल्याच ओढीला कळलं होतं,” तो म्हणाला. “इतकं हलकं ते कधीच नव्हतं. पण खिडकीत तू उभी होतीस. म्हटलं, खांदाच बरा झाला असेल.”

मग त्याने पक्क्या पात्यांची डबी डाव्या हाताने पुढे ओढली. उजवा मांडीवरच राहिला.

“नाही झाला,” तो म्हणाला.