पिल्लांवरचा पहिला हात

मेग कुत्रीला पाच पिल्लं झाली आणि त्यांत मादी एकच निघाली. सेप लिडलच्या डोक्याला तिथून घोर लागला.

तसा तो घोर लावून घेणारा माणूस नव्हता. एकेचाळीस वर्षं त्याने डरहॅमच्या कोळशाच्या खाणीत पोटावर सरपटत काढली होती. छातीत धूळ इतकी साठली होती की जिना चढताना दोनदा थांबावं लागे. तरी सकाळी दाढी करताना तो शीळ घालायचा आणि ब्लेकरिग गावात कुत्र्यांविषयी शेवटचा शब्द आपला, हे धरूनच घराबाहेर पडायचा. गावही बहुतेक वेळा ते मान्य करायचं. निदान त्याच्या तोंडावर तरी.

नऊ वर्षांपूर्वी सशांत साथ आली आणि डोंगरउतारावरचे ससे आठवड्यात सुजून, आंधळे होऊन मेले. बिळं ओस पडली. ससेच नाहीत तर त्यांच्यामागे धावणारी कुत्री कोण पोसणार? कुणी विकली, कुणी शर्यतीला लावली, कुणी तशीच म्हातारी होऊ दिली. आता ससे परत आले होते. हेडली शेतकऱ्याचा कोवळा गहू कडेने कातरल्यासारखा दिसायला लागला होता. पण काट्यात आणि मोकळ्यावर, दोन्हीकडे त्या सशांना पुरं पडेल असं कुत्रं आसपासच्या पाच गावांत उरलं नव्हतं.

सेपच्या मते ते कुत्रं बनवावंच लागतं. व्हिपेट जातीचं कुत्रं वाऱ्यासारखं पळतं, पण कातडी कागदाची. काटेरी कुंपणाशी येऊन उभं राहतं आणि मालकाकडे बघत थरथरतं. टेरियर काट्यात डोकं खुपसून आरपार जातं, पण पाय आखूड. ससा मोकळ्या रानात निघाला की ते नुसतं भुंकायचं धनी. दोघांचं रक्त नीट मिसळलं तर काट्यातून हुसकणारं आणि मोकळ्यावर पकडणारं एकच जनावर मिळतं. त्यातही टेरियर कुठला, यावर सगळं अवलंबून. सेपला बेडलिंग्टन हवा होता, तोही जुन्या खाणवाल्यांकडचा. हल्ली प्रदर्शनात ज्यांना पावडर लावून कोकरासारखं सजवतात, ते त्याच्या हिशेबी कुत्रेच नव्हते.

तसा एकच नर शिल्लक होता. टेकडीपलीकडच्या गावातल्या आयझॅक ट्यूलिपचा रॉक. अकरा वर्षांचा, एक कान फाटलेला, पुढचे चार दात गायब. सेप आपल्या व्हिपेट मेगला घेऊन त्याच्याकडे गेला तेव्हा आयझॅकने एवढंच म्हटलं, "रीत ठाऊक आहे ना?"

रीत सगळ्यांना ठाऊक होती. नराच्या मालकाने पैसे घ्यायचे नाहीत. पिल्लं आठ आठवड्यांची झाली की त्याने यायचं, हवं ते एक उचलून कोटात घालायचं. पहिला हात त्याचा; त्याची निवड होईपर्यंत मादीच्या मालकाने एकही पिल्लू राखून ठेवायचं नाही. कोटात गेलं ते गेलं.

"ठाऊक आहे," सेप म्हणाला होता. तेव्हा त्याला वाटलं होतं, पाच-सहा पिल्लांत तीन तरी माद्या असतील. मेग आठ वर्षांची, ही तिची शेवटची वीण. पुढची पिढी हवी तर मादी घरात राहायला हवी. आता ती एकच होती, करड्या रंगाची, सगळ्यांत बारकी.

आणि सगळ्यांत चांगलीही तीच. सातव्या आठवड्यात सेपने सशाचं कातडं दोरीला बांधून परसात फिरवलं. चारही नर डोळ्यांनी पाहत त्यामागे धावले. कातडं गूझबेरीच्या काटेरी झुडपात गेलं, दिसेनासं झालं, तसे ते बावळटासारखे उभे राहिले. करडीने नाक जमिनीला टेकवलं, झुडपात शिरली, आत थोडी खुडबुड झाली. मग कातडं ओढत ती दुसऱ्या बाजूने बाहेर आली. नाकावर रक्ताचा थेंब होता, तोंडातून जराही आवाज नव्हता.

सेपने दोरी गुंडाळली आणि त्या दिवसापासून कुणाला परसात येऊ दिलं नाही.

"रविवारी आयझॅक येतोय," नोरा, त्याची बायको, भांडी पुसताना म्हणाली. "त्याला सरळ सांग की करडी तुला हवीये."

"वेड लागलंय का? मला हवीये म्हटलं की त्यालाही हवी होणार."

"मग काय करणार?"

"आयझॅकने जन्मात मादी पाळलेली नाही. वर्षातून दोनदा माजावर येते आणि ऐन शिकारीत महिनाभर बांधून ठेवावी लागते, हे त्याचंच बोलणं. तो नर उचलणार. कुठला उचलायचा, ते मी ठरवलंय."

त्याने खरोखरच ठरवलं होतं. सगळ्यांत थोरला नर काळा, छाती रुंद, चाल राजासारखी. रविवारी सकाळी सेपने त्याला पुसून चकचकीत केला. चारही नरांना सकाळपासून उपाशी ठेवलं, म्हणजे ते उड्या मारत अंगावर येतील, तरतरीत दिसतील. करडीला मात्र त्याने दोन वाट्या दूध-पाव आणि वर शिजवलेली आतडी खाऊ घातली. दुपारपर्यंत ती फुगलेल्या पिशवीसारखी कोपऱ्यात पडली आणि घोरायला लागली.

"तिला मारशील खायला घालून," नोरा म्हणाली.

"तिच्याकडे ढुंकूनही बघणार नाही तो. चहा टाक. चांगला केक काढ. हरलेल्या माणसाला केक चांगला द्यावा."

दोनच्या बसने आयझॅक आला, पण एकटा नाही. त्याची मुलगी हेस्टर त्याला दंडाला धरून आणत होती. सेप आणि त्याचा व्हिपेट नर डार्ट फाटकाशी उभे होते; सेप तिथेच थबकला.

"डोळ्यांना काय झालं रे?"

"उरलेसुरले गेले," आयझॅक म्हणाला. "तुझी छाती गेली, माझे डोळे गेले. अंधारात चाळीस वर्षं टकटक कोळसा फोडला, आता दिवसाही अंधारच. तुझ्या तोंडाचा गोल दिसतो, त्यावरचा निर्लज्जपणा दिसत नाही. तेवढाच फायदा."

सेप हसला, पण त्याच्या डोक्यातला आखलेला डाव थोडासा हलला. काळ्याची चकाकी वाया गेली. हरकत नाही, तो मनात म्हणाला, धडपडीचा आवाज तर ऐकू येईल.

परसात हेस्टरने बापाला उलट्या बादलीवर बसवलं. चारही नर आयझॅकच्या बुटांवर तुटून पडले. एक नाडी ओढू लागला, दुसरा पँटला लोंबकळला.

"बघ कसे तरतरीत आहेत!" सेप म्हणाला. "तो काळा घे हातात. पाठ बघ त्याची."

आयझॅकने काळ्याला उचललं. उपाशी पिल्लू ते, त्याने वळवळ करत आयझॅकच्या अंगठ्यात दात रोवले. आयझॅक त्याचे पंजे चाचपायला गेला तर पंजे हाती लागेनात. फासळ्या मोजायला गेला तर पिल्लू अंग पिळायला लागलं.

"हे पिल्लू आहे की पाण्याबाहेरचा मासा?" आयझॅकने त्याला खाली ठेवलं. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. चौथ्याने त्याच्या बाहीत मुतून घेतलं.

"बाबा, हा कोट मी काल धुतलाय," हेस्टर म्हणाली.

"किती आहेत म्हणालास? पाच ना?" आयझॅकने मान तिरकी केली. "कोपऱ्यात कोण घोरतंय?"

"ती होय? मादी आहे रे. बारकी. तिचं काही खरं नाही. दिवसभर लोळते." सेपच्या आवाजात जरा जास्तच बेफिकिरी आली. "शिवाय मादी. वर्षातून दोनदा—"

"मला ठाऊक आहे मादी काय करते. हेस्टर, आण तिला."

करडी त्याच्या मांडीवर आली आणि ओल्या फडक्यासारखी पसरली. पोट भरलेलं, ऊन अंगावर. आयझॅकची जाड, कोळशाचे निळे व्रण पडलेली बोटं तिच्यावरून फिरायला लागली आणि तिने त्यांना फिरू दिलं. आधी पंजे, एकेक बोट वेगळं करून. मग खांदा, पाठ, मांडी. मग आयझॅकने पाठीवरचे केस उलट्या दिशेने चोळले आणि तिथंच थांबला. वरून राठ, खाली लोकरीसारखं मऊ. काटा अडला तरी कातडीपर्यंत पोचायचा नाही, असं अंग. आठव्या आठवड्यात असं अंग हाताला लागायला नशीब लागतं. बोटं नाकाकडे गेली. तिथली बारीक खपली त्याने अंगठ्याने तपासली.

"हे काय लागलं हिला?"

"कुठंतरी धडपडली असेल."

"झुडपात गेली होती."

सेपने काळ्याला पुन्हा पुढे ढकललं. दारात नोरा केकची ताटली घेऊन उभी होती.

"सेप, तू चार पिल्लांची तारीफ केलीस," आयझॅक सावकाश म्हणाला. "हिची निंदा केलीस. तीस वर्षं तुझ्याबरोबर एका थरात कोळसा फोडलाय मी. तू चांगल्या जागेला वाईट म्हणायचास आणि दुसऱ्याला पाणी गळणाऱ्या जागेत पाठवायचास." त्याने कोटाची बटणं सोडली, करडीला आत सारलं आणि बटणं लावली. "ही माझी."

झालं. कोटात गेलं ते गेलं. सेपला वाटलं आपण खाली बसावं, पण बसायची बादली आयझॅकने घेतलेली होती.

"तुला मादी कशाला रे?" तो म्हणाला. आता आवाजातली बेफिकिरी गेली होती. "खरं सांगतो, मला तीच हवी होती. मेगला आता पिल्लं होणार नाहीत. ही गेली की माझ्याकडे काही उरत नाही."

"आणि रॉक काय पुन्हा तरुण होणारे? तो गेला की त्याचं रक्त हिच्यातच. मी नेऊन पुढं वाढवणार." आयझॅकने कोटावरून थोपटलं. "तुझं दुःख तेच माझं. हात पहिला माझा, एवढाच फरक."

नोराने केक दिला. सेपने केक घेतला नाही. तो धापा टाकत भिंतीला टेकला आणि मनात कुत्र्यांची जुळवाजुळव करायला लागला, ती त्याची सवयच होती. करडी दीड वर्षाची होईल. माजावर येईल. मग?

तो भिंतीपासून सरळ झाला.

"आयझॅक, तिला नर कुठला लावशील?"

"बघू की. वेळ आहे."

"वेळ आहे, पण नर आहे का? रॉक तिचा बाप. तो जगला तरी चालायचा नाही."

"तुझ्या या चारांतला एखादा."

"सख्खा भाऊ? असले धंदे शर्यतवाले करतात. आपण नाही."

"नाही," आयझॅकने कबूल केलं. "दुसरा टेरियर."

"मग पाय गेले. तिच्यात टेरियर आहे तेवढा भरपूर आहे, तुझ्या बोटांनीच सांगितलं. तिला आता वेग हवा. व्हिपेट हवं."

"व्हिपेट ढिगाने पडलीत."

"शर्यतीत चिंधीमागं पळणारी. रानात सोडलेलं, ससा धरलेलं एक व्हिपेट मला दाखव. पाच गावांत दाखव."

आयझॅक केक चघळत राहिला. हेस्टर सहज म्हणाली, "बाबा, सेपकाकांचा डार्ट आहे की. मघा आपल्याला फाटकाशी भेटला तो. गेल्या हिवाळ्यात हेडलींच्या शेतात चोवीस ससे धरले त्याने. बसमध्ये सगळे बोलत होते."

"तू गप्प बस गं," आयझॅक म्हणाला.

"लँकेशायरहून आणलाय," सेप म्हणाला. त्याची छाती अजून वाजत होती, पण चेहरा फुलला होता. "मेगशी लांबचंही नातं नाही. तू करडीला घेऊन ये. मी नाही म्हणणार नाही. पैसेही घेणार नाही." तो थांबला, श्वास घेतला. "रीत ठाऊक आहे ना?"

नोरा दारात खुदकन हसली.

आयझॅकने मान वर केली, सेपच्या तोंडाच्या गोलाकडे. "म्हणजे मी तिला वाढवायची. मी शिकवायची. तिची पिल्लं आठ आठवडे मी निस्तरायची, आणि मग तू येऊन त्यांतलं सगळ्यांत चांगलं उचलणार?"

"पहिला हात माझा."

"आणि अख्ख्या विणीत मादी एकच निघाली तर?"

"तर तू मला सांगशील की तिचं काही खरं नाही."

आता हेस्टरही हसायला लागली. आयझॅक न हसण्याचा प्रयत्न करत होता, ते त्याच्या मिशीवरून दिसत होतं.

"दोन वर्षं आहेत त्याला," तो म्हणाला. "तुझी छाती ऐकतोय मी आल्यापासून. भाता फाटलाय तुझा, सेप."

"फाटलाय, पण चालतोय. तू बसमधून उतरशील तेव्हा मी फाटकाशी उभा असेन. तू मला दिसशील. मी तुला दिसणार नाही, पण तुझं ऐकणं शाबूत आहे."

चारची बस गाठायची होती. हेस्टरने बापाला उठवलं. कोटाच्या गळ्यातून करडीचं डोकं बाहेर आलं, अजून अर्धवट झोपेतलं. सेप त्यांच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत गेला. चालता चालता त्याचं बोलणं सुरूच होतं.

"सहा महिने तिला भिंतीवरून उडी मारू देऊ नको, खांदे जातात. पाव गार दुधात दे. बिळात सोडायच्या त्या मुंगसासारख्या फेरेटची ओळख आत्ताच करून दे, तोंडाला तोंड लावून, म्हणजे बिळातून बाहेर आलेल्या फेरेटला ती ससा समजणार नाही. आणि पहिल्या वर्षी मोठ्या नर सशावर सोडू नको, लाथ बसली तर मन खचतं. हेस्टर, तू लिहून घे पोरी, हा विसरेल."

"सेप," आयझॅक बसच्या पायरीवर पाय ठेवत म्हणाला, "पिल्लू कुणाचं आहे?"

"तुझंच. मी माझ्या पिल्लाच्या आईविषयी बोलतोय."

बस गेली. सेप दोनदा थांबत घरी परतला. परसात चारही नर उपाशीपोटी कल्ला करत होते.

"गेली ना शेवटी?" नोरा म्हणाली.

"दोन वर्षं सांभाळायला दिलीय," सेप म्हणाला आणि शीळ घालत त्या चौघांसाठी आतडी चिरायला बसला.