कानसेनांचा निकाल

"पुन्हा पहिला लावा," कानसेन म्हणाले.

दातांच्या डॉक्टरांनी वायर बदलली. टेबलावर तीन अ‍ॅम्प्लिफायर होते: वडिलांच्या वेळचा काचेच्या व्हॉल्व्हांचा, एक जाडजूड ट्रान्झिस्टरचा, आणि मुलीने पाठवलेला नवा डिजिटल, जेमतेम डब्याएवढा. बैठकीत यातला एकच राहील, अशी डॉक्टरांच्या बायकोची सक्त ताकीद होती. म्हणून निकालाला कानसेन. जन्मभर त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केले होते. कुठला आवाज चांगला यावर वाद झाला की लोक त्यांच्याकडे यायचे. टोपणनाव त्यातूनच पडलं. खरं नाव फक्त बायकोला आठवत असावं, आणि ती त्यांना 'अहो' म्हणायची. दाढ दाखवायची म्हणून आज तीही आली होती, आणि गाल धरून कोपऱ्यात बसली होती.

पहिल्यावर गाणाऱ्या बाईचा आवाज भरदार, अगदी जवळ आला. दुसऱ्यावर ती जरा मागे सरकली, पण ड्रमचा ठोका जिथल्या तिथे थांबू लागला. तिसऱ्यावर कानसेनांना दुसऱ्यापेक्षा वेगळं काहीच ऐकू आलं नाही.

त्यांनी डोळे उघडले. डॉक्टरांचं बोट खुर्चीच्या हातावर तालात हलत होतं. कोपऱ्यात बायकोचा पायही. दोघांचा ताल एकच, आणि कानसेनांना तर बाई एकटीच गाताना ऐकू येत होती.

"काय वाजतंय आत्ता?"

"झांजेवरचं बारीक काम," डॉक्टर म्हणाले. "याच्यावर किती सुटं येतंय! पण टोचतं ना हो काका? की मलाच वाटतंय?"

व्हॉल्व्ह गोडवा घालतो, ट्रान्झिस्टर शिस्त पाळतो, डिजिटल काही लपवत नाही. ही वाक्यं कानसेनांना तोंडपाठ होती. फेकली असती तर खपून गेली असती.

"आता बघा, डिजिटलचं कसं असतं..." त्यांनी सुरुवातही केली.

मग बायकोकडे नजर गेली. ती मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती. हिला माहीत आहे, हे त्यांना त्या वळलेल्या मानेवरून कळलं.

"डॉक्टर, मला झांज ऐकूच येत नाहीये," ते म्हणाले. "वरचे सूर गेलेत माझे. हिला विचारा."

"मला काय कळतंय त्यातलं?" ती दचकली. "आयुष्यभर 'आवाज बारीक करा' एवढंच म्हणत आले मी."

"पण ऐकलंस तर सगळं."

डॉक्टर पहिल्यापासून लावत गेले. ती गाल दाबून ऐकत राहिली.

"हा तिसरा थेट दाढेत जातो. दुसरा दिवसभर चालू ठेवला तरी डोकं उठणार नाही. पहिल्यात बाई माझ्याशीच बोलतेय असं वाटतं. पण तिच्या मागे कुणीतरी सारखं फुसफुसतंय."

कानसेन ताठ झाले. "कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

त्यांनी पहिल्याचं बटण बंद केलं, काच निवू दिली आणि डाव्या बाजूचा छोटा व्हॉल्व्ह काढून पिशवीतला दुसरा बसवला. "आता?"

"कमी झालंय. आहे अजून."

त्यांनी व्हॉल्व्ह पुन्हा काढला, त्याच्या पिना घासल्या, खाचा पुसल्या. "आता?"

तिने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "गेलं."

"हाच ठेवा," कानसेन डॉक्टरांना म्हणाले. "पण निकाल हिचा आहे. कुणी विचारलं तर तसंच सांगा."

"सांगेन," डॉक्टर म्हणाले. "आणि काका, कान दाखवून घ्या."

"दाखवतो."

मग घराला लागूनच असलेल्या दवाखान्यात दाढ निघाली. दोघं रस्त्यावर आले.

"कधीपासून माहीत होतं तुला?"

"पंखा कुरकुरतो म्हणून तुम्ही कटकट करायचं थांबवलंत ना, तेव्हापासून," ती बधिर तोंडाने म्हणाली, आणि त्यांना वळसा घालून गाड्यांच्या बाजूला आली. लग्न झाल्यापासून ती बाजू त्यांची होती. कानसेन क्षणभर थबकले. मग आतल्या बाजूने, तिच्याकडे जरासे झुकून, चालू लागले.