कोरडं पोहणं

"पाय सरळ! गुडघ्यात वाकवू नकोस. आणि तोंड पाण्यात!"

"पाणी कुठंय, आजोबा?"

"आहे असं समज. मान वळव, श्वास घे. मान खाली, श्वास सोड."

दोन खुर्च्यांवर आडव्या टाकलेल्या इस्त्रीच्या फळीवर अर्लेटा पालथी पडून हातपाय मारत होती. होझिया टॉलिव्हर शेजारी उभे राहून हुकूम सोडत होते. कुंपणाच्या अलीकडे मी उकडलेल्या शेंगा सोलत हा जलविहार बघत होतो.

स्वयंपाकघरातून ओडेसाबाई आल्या. "मिस्टर टॉलिव्हर, ती फळी मोडली तर बँकवाल्या बाईसाहेबांचे फ्रॉक काय तुमच्या पाठीवर इस्त्री करू?"

"पाठ सपाट आहे माझी. करून बघ."

"डोकं त्याहून सपाट आहे. तिथेच करीन."

ओडेसाबाई नवऱ्याला मिस्टर म्हणत, अगदी भांडतानासुद्धा. गोऱ्यांचे शेंबडे पोरही त्यांना 'ए होझिया' म्हणून हाक मारी. बाहेर दिवसभर जे मिळत नाही ते निदान घरात तरी मिळावे, असा बाईंचा हिशेब होता.

आमच्या बेलफोर्डात एक पोहण्याचा तलाव होता आणि होझिया त्याचे राखणदार होते. पाणी आरशासारखे ठेवण्यात अख्ख्या अलाबामात त्यांचा हात धरणारा कुणी नसेल. मात्र त्या पाण्यात त्यांचे बोट भिजलेले चालत नसे. पाणी तपासायची बाटली नगरपालिकेने लांब दांडीला बांधून दिली होती. तलाव रिकामा असला की होझियांनी त्यात अनवाणी फिरावे, तळ घासावा, वाटल्यास तिथेच बसून भाकरी खावी. हरकत कुणाचीच नसे. हरकत होती ती पाण्याची.

एकदा मी तलावाच्या कुंपणाबाहेरून माझ्या दुकानाकडे चाललो होतो. वारा सुटला आणि माझी टोपी उडून तलावात पडली. मी नव्हे, टोपी. गावाने लगोलग तलाव रिकामा केला, ब्लीचने घासून घेतला आणि नवे पाणी भरले. घासला अर्थात होझियांनी. पाणी बाटले ते माझ्या टोपीने आणि शुद्ध झाले ते माझ्या शेजाऱ्याच्या हातांनी. एवढी ताकदीची टोपी गावात दुसऱ्या कुणाकडे नाही, म्हणून मी ती अजून जपून ठेवली आहे.

आम्हा काळ्यांच्या पोरांना नदी होती. नदी भेदभाव मानत नसे. ती गोऱ्यांनाही बुडवायला तयार होती, पण त्यांना तिच्याकडे जायचे काही कारण नव्हते. होझियांचा मुलगा कॅल्विन अकरा वर्षांचा असताना एका दुपारी तिच्यात उतरला तो परत आला नाही. दोन दिवसांनी खालच्या वळणावर सापडला. त्यानंतर होझियांनी नदीचा रस्ता सोडला. मासे खाणेही सोडले.

अर्लेटा त्यांच्या मुलीची मुलगी. मुलगी शिकागोला कामाला, म्हणून नात इथे. पोर आता कॅल्विनच्या वयाला येत होती आणि नदीची वाट तिला कुणी न दाखवताच सापडली होती. ओले केस उन्हात अर्धेमुर्धे वाळवून ती घरी येई आणि आजीला वाटे, घाम आला असेल. आजोबांना असे वाटत नसे. पोरीला ह्याच उन्हाळ्यात पोहायला शिकवायचे, नदी गिळण्याच्या आत, एवढेच त्यांनी मनाशी धरले होते. स्वतःला पोहता येत नव्हते. पण वर्षानुवर्षे काठावर झाडू मारताना गोऱ्या मास्तरांची शिकवणी कानावर पडत होती, ती त्यांना भजनासारखी पाठ होती. अर्लेटाला आता पाणी सोडून सगळे येत होते.

आणि पाणीही येणार होते. त्या जूनमध्ये वरच्या कोर्टाच्या न्यायाधीशाने निकाल दिला: तलाव गावाच्या पैशाने बांधला आहे आणि गाव म्हणजे सगळे, तेव्हा सोमवारपासून तो सगळ्यांना खुला. चर्चमध्ये लोक बाकांवर चढून नाचले. गोरे मात्र ह्या निकालावर इतके शांत राहिले की आम्हाला त्यांचे कौतुक वाटले. संशय यायला हवा होता तो तिथेच.

शनिवारी नगरपालिकेचा बर्डेट आला. बागा आणि तलाव त्याच्या हाताखाली. तिशीचा तरुण; लहानपणी हाच काठावर चपला हरवून रडायचा आणि होझिया त्या शोधून द्यायचे.

"होझिया, आज पाणी सोडून दे."

"सगळं, साहेब?"

"थेंब ठेवू नकोस. सोमवारी सकाळी मी येतोच."

होझिया घरी आले ते हसतच. मला कुंपणाशी बोलावून म्हणाले, "ऐकलंस का? पाणी सोडायला सांगितलंय. धुऊन घेतायत."

"त्यात नवीन काय? आपली सावली पडली की धुतातच."

"अरे, ते आपण येऊन गेल्यावर. ह्या खेपेला आधी! पाहुणे यायच्या आधी आपण घर झाडतो की नाही, तसं."

ओडेसाबाई दारातून म्हणाल्या, "बर्डेट म्हणाला असं? धू म्हणून?"

"ते कशाला सांगायला हवं? आजवर पाणी सोडलं आणि तळ धुतला नाही, असं झालंय का कधी?"

झाले नव्हते, हे खरे. बाई परत इस्त्रीकडे वळल्या.

रविवारी आमच्या चर्चचे कारभारी, डीकन होझिया टॉलिव्हर जन्मात पहिल्यांदा चर्चला आले नाहीत. पाद्रीबाबा व्यासपीठावरून म्हणाले, "डीकनसाहेबांचा पत्ता काय? देवाने विचारलं तर काय सांगू?" मागून ओडेसाबाई म्हणाल्या, "सांगा, फरशी पुसतायत." अख्खे चर्च हसले.

येताना मी तलावावर डोकावलो. तळ असा पांढराशुभ्र झाला होता की डोळे दिपले. होझिया गुडघ्यांवर बसून पोहण्याच्या काळ्या पट्ट्यांना नवा रंग देत होते. मला बघून ब्रश हलवला. "बघ, काळं तर तळाला आधीपासूनच आहे. उगीच इतकी वर्षं भांडण!"

सोमवारी सकाळी आम्ही सगळे गेलो. रविवारचे कपडे वर, पोहण्याचे आत. अर्लेटाचा पोहण्याचा पोशाख आजीने पिवळ्या पडद्याच्या कापडातून शिवला होता. पोर चालती खिडकीच दिसत होती. पलीकडच्या दारापाशी गोरी कुटुंबेही उभी होती आणि त्यांच्याही पोरांच्या खांद्यावर टॉवेल होते. म्हणजे त्यांच्यातही सगळ्यांना ठाऊक नव्हते.

मग ट्रक आले. एकामागून एक, लाल मातीने काठोकाठ भरलेले. मला वाटले, कुठेतरी रस्ता बांधतायत. पहिला ट्रक मागे मागे येत तलावाच्या खोल टोकाशी थांबला.

होझिया हात उंचावून धावले. "अहो, रस्ता चुकलात! इथे तलाव आहे, तलाव!" मग त्यांना बर्डेट दिसला. "साहेब, सांगा ना त्यांना!"

बर्डेट त्यांच्याकडे बघत नव्हता. तो खाली बघत होता, त्या पांढऱ्या तळाकडे.

"हे काय केलंस?"

"धुतलं, साहेब."

"धुवायला कुणी सांगितलं होतं?"

"पाणी सोडायला सांगितलंत ना."

"पाणी सोडायला सांगितलं होतं. तेवढंच." बर्डेटचे कान लाल झाले होते. "कौन्सिलचा ठराव आहे, होझिया. कोर्ट म्हणतं, तलाव असला तर सगळ्यांसाठी. असलाच पाहिजे असं कोर्ट म्हणालेलं नाही."

होझियांना समजायला वेळ लागला. आम्हालाही लागला. मी दुकानात दाढ्या करताना अखंड बोलणारा माणूस, पण तेव्हा नुसते ट्रक मोजत राहिलो. गावाचा पैसा, गावाची पोरे, जूनचे ऊन आणि समोर गावानेच आणलेली माती. गाव स्वतःलाच पुरायला निघाले होते, तेही रांगेत, शिस्तीने.

ड्रायव्हरने माती ओतायच्या दांड्याला हात घातला तेव्हा होझिया म्हणाले, "थांबा. माझा ब्रश खाली राहिलाय."

काठाशी बसून त्यांनी बूट काढले, मोजे काढून बुटांत घातले. बूट घालून तलावात उतरायचे नाही, असा नियम होता. पाटी त्यांनीच रंगवली होती. ते अनवाणी खाली गेले. ब्रश उचलला. वाटेत एक पान पडले होते, तेही उचलून खिशात टाकले. मग पोहणारे चढतात तसे लोखंडी शिडीने वर आले.

पहिल्या ट्रकने माती ओतली. आवाज फारसा झाला नाही, ह्याचेच मला नवल वाटले. इतका मोठा तलाव, निदान ओरडेल तरी असे वाटले होते. लाल धूळ उठली आणि दोन्ही बाजूंच्या टॉवेलांवर बसली. पलीकडची एक सोनेरी केसांची पोर भोकाड पसरून रडायला लागली. आईने तिचा हात हिसकला. बेलफोर्डात समानता आली ती अशी. दोन्हीकडची पोरे कोरडी राहिली.

अर्लेटाने आजोबांचा हात ओढला. "आजोबा, पाणी ह्याच्यावरून सोडणार का?"

दुसरा ट्रक मागे यायला लागला होता.

पुढे तिथे हिरवळ लावली. शिडीचे वरचे दोन दांडे गवतातून तसेच बाहेर राहिले. ते कापायचा ठराव बहुधा राहून गेला असावा. गवत कापायचे काम होझियांकडेच आले. जुन्या तलावाच्या चौकोनाच्या कडेशी आले की ते बूट काढत, आतले गवत अनवाणी कापत आणि पलीकडे जाऊन बूट घालत. बर्डेट एकदा बघत उभा होता.

ऑगस्टमधल्या एका दुपारी टॉलिव्हरांच्या अंगणातून ओडेसाबाईंचा आवाज आला. "मिस्टर टॉलिव्हर, माझी कपड्यांची दोरी कुठे चाललीय?"

"नदीवर."

मी शेंगा खाली ठेवल्या. मग बाईंनी दोरीवरचे चिमटे एकेक करून काढले आणि ॲप्रनच्या खिशात भरले. दोरीला दोनदा हिसका देऊन बघितला. "गाठ मी मारणार," म्हणाल्या. "तुमच्या गाठी सुटतात."

मी मागून गेलो. न बोलावता, शेजारी कशासाठी असतात? नदीच्या उथळ वळणावर होझियांनी बूट काढून काठावर जोडीने ठेवले, मोजे आत. नदीवर तसा काही नियम नव्हता. गुडघाभर पाण्यात उभे राहून त्यांनी एकदा खालच्या वळणाकडे बघितले. दोरीचे एक टोक पोरीच्या कमरेला, दुसरे त्यांच्या मनगटाला दोन वेढे देऊन. ओडेसाबाई नदीकडे पाठ करून बसल्या होत्या.

"पाय सरळ. मान वळव, श्वास घे."

पिवळा पडदा पाण्यावर पसरला. एक हात, दुसरा हात. फळीवर जसा जायचा अगदी तसा. ती खरेच पुढे गेली.

"बाई, बघा तरी," मी म्हणालो.

"तुम्ही बघा. मला सांगा."

नदीतून अर्लेटाचा आवाज आला, "आजोबा, येतंय मला! सोडा आता!"

होझिया श्वास मोजत होते, घे, सोड, घे, सोड. त्यांनी दोरी सोडली नाही. मनगटाचा एक वेढा तेवढा उलगडला.