स्वखुशीचा राजीनामा

मोशीतल्या आपल्याच शेतात नानासाहेबांनी गाड्यांच्या कंपनीच्या नकाशाबरहुकूम शोरूम बांधलं, त्याला चौदा वर्षं झाली. फरशी कंपनी म्हणेल ती, भिंतीचा रंगही तिच्याच पसंतीचा. आणि सोमवारी त्याच कंपनीची माणसं शिडी लावून दारावरचा बोर्ड उतरवून घेऊन गेली. नाक्यावरचे ओळखीचे लोक थांबून बघत होते. नानासाहेबांना लाज वाटली, खोटं कशाला सांगायचं.

करारात एकच गोष्ट त्यांच्या बाजूची होती. कंपनीनं डीलरशिप काढून घेतली, तर नव्वद दिवसांची नोटीस द्यायची आणि न विकलेल्या गाड्या परत न्यायच्या. मुलगी तनुजा वकील. त्या कलमावर बोट ठेवूनच तिनं एरिया मॅनेजर दिग्विजयला बोलावलं होतं.

दिग्विजयनं शांतपणे एक कागद पुढं सरकवला. "आम्ही काढलीय कुठं? नानासाहेबांनीच सोडलीय, स्वखुशीनं. बारा जूनला."

खाली सही नानासाहेबांचीच.

त्यांना गेला दसरा आठवला. एकतीस गाड्यांची डिलिव्हरी, मुहूर्त टळायला आलेला, आणि हाच पठ्ठ्या पेढा खात बॉनेटवर कागदांची चळत ठेवून म्हणाला होता, "रिन्यूअलचे आहेत. पिवळ्या चिठ्ठ्या लावल्यात, तिथं फक्त सह्या." सणाला दारात आलेल्या माणसावर संशय कसा घ्यायचा? नानासाहेबांनी भराभर सह्या ठोकल्या. एक ओळ वाचली असेल तर शपथ.

"नाना, तारीख कोरी होती का?" तनुजानं विचारलं.

"मी बघितलंच न्हाई, पोरी."

"मग आता सिद्ध कसं करणार?" दिग्विजय हसला. असल्या हसण्याला कानाखालीच हवी.

तनुजाचं बोट कागदाच्या तळाशी थांबलं होतं. "साक्षीदाराची सही कुणाची आहे, नाना?"

नानासाहेबांनी चष्मा लावला. शेवटी लांब ओढलेली ती रेघ त्यांनी लगेच ओळखली. धाकट्या भावाची, चिमाजीची. "दादा करील तिथं माझी बी," म्हणत त्यानंही त्या दसऱ्याला प्रत्येक कागदावर सही केली होती.

"चिमाजीची हाय," ते म्हणाले.

"काका जानेवारीत गेले," तनुजा दिग्विजयला म्हणाली. "दहनाला तुम्ही होतात. मग जूनमध्ये ही सही केली कुणी?"

दिग्विजयचा हात झटकन कागदाकडे गेला. त्याआधीच नानासाहेबांचा पंजा कागदावर पडला होता. डोळे भरून वाहत होते, पण हात हलला नाही.

"ऱ्हाऊ द्या, साहेब," ते म्हणाले. "माझा भाऊ बसलाय हितं साक्षीला."