शेवटचं मूल उतरेपर्यंत

तिने पडदा मुद्दामच सर्रकन ओढला. दुपारचं ऊन थेट पलंगावर पडलं आणि नणंदबाईंनी ओढणी डोळ्यांवर घेतली.

“ताई, पोरगा विचारतोय, आत्या खेळायला का येत नाही. काय सांगू?”

“सांग, आत्या मेली.” आवाज उशीतून आला. “पडदा लाव गं बाई. डोळ्यांत खिळे ठोकतंय कुणीतरी.”

खिळे! मागच्या आठवड्यात हातोडा होता. तिने पडदा अर्धाच लावला. आठवड्यातून दोनदा ही अर्धशिशी, आणि तीही नेमकी शाळेची गाडी चालवून आल्यावर, भांड्यांचा ढीग पडलेला असताना. काम तरी काय, खुर्चीत बसून चाक फिरवायचं. पण त्याच गाडीत तिचं चार वर्षांचं पोर असायचं. एखाद्या दिवशी चौकातच यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली तर? नाही, आता पुरे. चालक बदला, असं ती उद्या शाळेत जाऊन सांगणार होती. नवऱ्याला वाईट वाटलं तर वाटू दे.

तिने काय कमी केलं होतं? डॉक्टर म्हणाले होते, प्रत्येकाचं कारण वेगळं असतं, पण तुमचं दुखणं बहुधा पाणी कमी पडलं की उठतं. दिवसभर थोडं थोडं पीत राहा, घाम फार आला तर मीठ-साखर घालून. ही रसायनशास्त्राची पदवीधर. घामातून क्षार कसे जातात हे तिने नणंदेला तिसरीतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं होतं, वहीत आकृती काढून. रोज पहाटे उठून बाटली भरून देत होती. आणि रोज बाटली गळ्यापर्यंत भरलेली परत. पालथ्या घड्यावर पाणी!

आजची बाटली तिने स्टुलावर आपटली.

“झाकणसुद्धा फिरवलेलं नाही. डॉक्टर काय वेडे आहेत? की दुखणंच हवंय तुम्हाला?”

नणंदबाई हळूहळू उठून बसल्या. एक डोळा मिटलेलाच होता.

“प्यायलं की जावं लागतं.”

“मग जायचं!”

“कुठे? साडेसहाला पहिलं पोर चढतं. मोठी उतरतात तोवर बालवर्गाची चढलेली असतात. दोनपर्यंत गाडी रिकामी म्हणून नसते.”

“पाच मिनिटं थांबवायची. त्यात काय एवढं?”

“थांबवली होती ना. गेल्या सत्रात, पेट्रोल पंपावर. तीन मिनिटंसुद्धा नसतील. कुणीतरी बघितलं. मग शाळेचा कागद आला, शेवटचं मूल उतरेपर्यंत चालकाने गाडी सोडायची नाही. पुन्हा सोडली तर काम गेलं.”

तिचा हात बाटलीवरच राहिला. पेट्रोल पंप. पालकांच्या बैठकीत एक आई तावातावाने सांगत होती, आणि तक्रारीच्या अर्जाचा मजकूर कोण लिहिणार म्हटल्यावर सगळ्यांनी हिच्याकडे पाहिलं होतं. हिने एका दमात पानभर लिहून काढला होता. ‘अशा बेजबाबदार माणसाच्या हाती आमची मुलं’ हे वाक्य तर वाचून दाखवताना दोनदा वाचलं होतं. गाडी कुठली, चालक कोण, हे विचारायचं तिला सुचलंही नव्हतं.

“त्या कागदाला पालकांचा अर्ज जोडलेला होता,” नणंदबाई पुन्हा आडव्या होत म्हणाल्या. “काय छान मजकूर होता गं. कुणी शिकलेलीच असणार.”

तिने पडदा पूर्ण लावला. भांडी घासताना नळ अगदी बारीक सोडला.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ती शाळेच्या फाटकापाशी आली. मुलं गाडीत चढली होती. कार्यालयाचा दरवाजा समोरच होता. तिकडे न बघता तिने गाडीचं पुढचं दार उघडलं आणि चालकाच्या शेजारी जाऊन बसली.

“आई, आज तू चालवणार?” मागून पोरगा ओरडला.

“नाही रे. मी फक्त बसणार.” मग मान न वळवता ती म्हणाली, “ताई, तुम्ही जाऊन या. मी आहे.”

नणंदबाईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. गाडी बंद केली, किल्ली काढून मुठीत घेतली.

“किल्ली नेते हो,” त्या उतरता उतरता म्हणाल्या. “उगाच कुणी अर्ज करायला नको.”

आणि जराही घाई न करता, चांगल्या सावकाश चालत फाटकातून आत गेल्या.