बेचाळिसावे पान

"हा तक्ता काढून टाका," साहेब म्हणाले. "कायद्यानं कुठं विचारलाय?"

कायद्याने नऊ वर्षांपूर्वीही विचारला नव्हता. ठेवीदारांचे किती पैसे मुदतीवर परत केले, हे कंपनीने वार्षिक अहवालात आपणहून छापायला घेतले, तेव्हा याच साहेबांनी 'आम्हाला लपवण्यासारखे काही नाही' असे भाषण ठोकले होते. तेव्हा आकडा शंभरात शंभर होता. यंदा तो एकसष्टवर आला आणि साहेबांना कायदा आठवला.

अहवालाची प्रुफे तपासणाऱ्या कारकुनाला ऑफिसात सगळे 'कानामात्रा' म्हणत. सव्वीस वर्षांत त्याच्या हातून एक चूक सुटली नव्हती.

"मग बेचाळिसाव्या पानावर काय घेऊ?" त्याने विचारले.

"माझा झाड लावतानाचा फोटो घ्या. पानभर."

फोटोत साहेबांच्या बुटांना मातीचा कणही लागलेला नव्हता. कानामात्राला शिसारी आली, थोडी स्वतःचीसुद्धा. त्याच्या ताईने आयुष्यभर नर्सची नोकरी करून साठवलेली पुंजी या तक्त्याच्या भरवशावर इथेच ठेवली होती. मुदत या महिन्याच्या शेवटच्या बुधवारी संपत होती.

"पुन्हा पाच वर्षं ठेवू ना रे?" तिने फोनवर विचारले होते.

"अहवाल हातात येऊ दे आधी," एवढेच तो बोलला. आतली गोष्ट बाहेर सांगणार नाही, असे त्याने लिहून दिले होते. दिला शब्द पाळणारा त्या इमारतीत बहुधा तो एकटाच होता.

शेवटचे प्रूफ आले. बेचाळिसाव्या पानावर साहेब हसत होते. अनुक्रमणिका मात्र बदलायची राहून गेली होती. 'ठेवींची वेळेवर परतफेड: पान ४२.' त्याचे लाल पेन त्या ओळीवर टेकले आणि बराच वेळ तिथेच राहिले. मग त्याने खाली 'तपासले' लिहून सही केली.

महिन्याच्या शेवटच्या सोमवारी अहवाल ठेवीदारांच्या घरोघर पोचले. संध्याकाळी ताईचा फोन आला.

"अरे, परतफेडीच्या पानावर तुझे साहेब खड्डा खणतायत."

"हो."

"बरं. बुधवारी सकाळीच जाते मग."

बुधवारी साहेबांनी अहवाल त्याच्यापुढे आपटला. "ही चूक दिसली नाही तुम्हाला?"

"दिसली, साहेब. वाचूनच सही केलीय."

"उद्यापासून येऊ नका."

त्याने लाल पेनाला टोपण लावून ते साहेबांच्या टेबलावर ठेवले. खाली रांग फाटकाबाहेर गेली होती. काउंटरशी पहिली ताई उभी होती, अहवालाच्या बेचाळिसाव्या पानात बोट घालून.