जोडीनं आलात तरच आत घेईन

मित्रांनो, मी एक जुनं आवरण आहे. जुनं म्हणजे चांगलं चार दिवसांचं. हसू नका! योग्याकर्ता शहरातल्या पाक विग्न्योंच्या आतड्यातल्या एका पेशीवर मी जन्मलो. आमच्यात पाचवा दिवस बघणाऱ्याला पणजोबा म्हणतात.

मी तेलकट आणि पातळ. इतका पातळ, की हवा माझ्यातून आरपार जाते, विचारतसुद्धा नाही. मीठ आणि साखरेला मात्र दारातूनच यावं लागतं. माझं एक दार तर फार जुन्या वळणाचं. साखर एकटी आली तर कडी काढत नाही. मिठाचा हात धरून आली, की दोघांनाही आत घेतं. मग वरातीमागून पोरं यावीत तसं मागून पाणी येतं.

तरुणपणी, म्हणजे परवा, माझा रुबाब काय सांगू! तिकडे बापाला 'पाक' म्हणतात, आणि आमचे पाक नावाला जागणारे. चहात साखर नव्हे, साखरेत चहा घालून पिणारे. मी नुसता जोड्या आत घेत होतो.

मग त्यांनी फडताळातली दोन दिवसांची नारळाच्या रसातली कोंबडी आणि उरलेला भात खाल्ला. टाकवेना. तिकडे म्हणतात, टाकलेला भात रडतो! भात रडला नाही, पाक रडले. कोंबडीबरोबर जंतू आले आणि त्यांच्या विषानं माझं बाहेर जायचं दार उघडंच अडकवून ठेवलं. क्षार गेले, मागून पाणी गेलं, आणि पाक संडासाकडे धावले. दुपारपर्यंत डोळे खोल गेले, जीभ सुकली, लघवी बंद झाली.

मुलगी मुर्तिना फणसाच्या भाजीची गाडी लावते. छत्तीस वर्षांची, बिनलग्नाची. गल्लीतल्या आजारपणालाही धावणाऱ्या सुईणबाईंनी सांगितलेलं मीठ-साखरेचं पाणी करायला ती बसली, तर दारात शेजारीण, बु तुमिनी. तिकडे बाईमाणसाला 'बु' म्हणतात.

"काय गं मुर्तिना, काल भाजी खारट होती. कुणी बघून ठेवलाय की काय?"

तिकडे असंच आहे. बाईच्या हातून मीठ जास्त पडलं, की तिला लग्नाची घाई झाली असं अख्खी गल्ली समजते. मुर्तिनानं मिठाचा चमचा उचलला, तुमिनीकडे बघितलं, आणि परत बरणीत उलटा केला. साखर मात्र मायेनं दोन चमचे जास्त घातली.

आत साखरेची झुंबड उडाली.

"मीठ कुठाय?" दारानं विचारलं.

"नाही आलं. लाजलं," साखर म्हणाली.

कडी निघाली नाही. साखर तिथंच बसकण मारून बसली आणि उलट माझ्याच आतलं पाणी ओढायला लागली! मी सुकलो. पाक चटईवर आडवे झाले, हाकेला ओ देईनात.

तेवढ्यात सुईणबाई बु रेत्नो स्कूटरवरून आल्या. पाकच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. मग भांड्यातलं पाणी चाखलं.

"हे औषध आहे की सरबत? मीठ?"

"घातलंय की. चार कण."

"तिला लाज वाटते हो," बु तुमिनी फिदीफिदी हसली. "खारट झालं तर लोक म्हणतील..."

"म्हणू देत! बाप वाळून चाललाय, आणि तुम्हाला वरात सुचतेय? संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही, तर थेट इस्पितळ!"

मुर्तिना उठली. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, साखर चहाचे सहा सपाट चमचे, मीठ त्याच चमच्यानं सपाट अर्धा. ढवळून तिनं भांडं आपटलं. "घ्या बु तुमिनी, घातलं मीठ. आणा आता नवरा!"

चटईवरून क्षीण आवाज आला. "आधी पाणी आणा. नवरा मागनं."

चमच्या-चमच्यानं ते पोटात उतरलं. आत जोड्या आल्या, दार उघडलं, पाणी आलं. मित्रांनो, मी असा फुललो! संध्याकाळी पाक मुलीच्या खांद्याला धरून मोरीत गेले, आणि मुर्तिना गल्लीत ओरडत सुटली, "झाली! पाकना लघवी झाली!" आजवर फक्त लग्नांच्या बातम्या देणाऱ्या बु तुमिनीनं ही बातमी तीन गल्ल्यांत पोचवली.

मित्रांनो, उद्या मी गळून जाईन. माझ्या जागी नवं आवरण येईल, पण तेही माझ्यासारखंच हट्टी असेल. म्हणून एवढंच ऐका. कुणाचं पोट बिघडलं, तर प्रेमापोटी साखर वाढवू नका आणि लाजेपोटी मीठ कमी करू नका.